सातवी सही

सातपैकी सहा सह्या आल्या होत्या. सातवी येत नव्हती, आणि शुक्रवारी अंक छापायला जायचा होता.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये, वूस्टरजवळच्या एका लहान साहित्यिक त्रैमासिकात मॅनेजिंग एडिटर आहे. नाव भारदस्त आहे, काम तसं नाही. कुठली कथा चांगली आणि कुठली टाकाऊ हे मला कुणी विचारत नाही. ते मार्गारेट ठरवते, ती संपादक. मी आलेल्या साहित्याची नोंद ठेवते, करार पाठवते आणि लेखकांच्या मागे तारखांचा लकडा लावते. त्याआधी पार्सिपनीला एकोणीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. लेऑफ झाला, नवऱ्याच्या नोकरीपायी वूस्टरशेजारच्या श्रूजबरीला आलो, आणि वेळ जावा म्हणून धरलेलं हे काम अंगवळणी पडलं. टेस्टरची खोड मात्र गेली नाही. नियमात फट दिसली की ती बुजवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

एरवी आम्ही फक्त नवीन लिखाण घेतो. पण हा अंक आफ्रिकी साहित्याचा होता. तिकडे छापलेलं कितीतरी चांगलं लिखाण इथल्या वाचकांच्या दृष्टीसही पडत नाही, म्हणून यावेळी आधी छापलेलंही घ्यायचं असं मार्गारेटने ठरवलं. त्यामुळे आमच्या ऑनलाइन फॉर्मवर दोन चौकोन आले. एक 'नवीन', दुसरा 'पूर्वप्रकाशित'. नवीन असेल तर लेखकाची एक सही पुरे. पूर्वप्रकाशित असेल तर कुठे छापलं ते लिहायचं, आणि ज्या ज्या नावांनी छापलं त्या सगळ्यांच्या सह्या आणायच्या. नावं भरली आणि मी मंजुरी दिली की प्रत्येकाला ईमेलवर कथा आणि करार आपोआप जायचा, आणि ते तिथेच सही करायचे. हा फॉर्म मी एकटीने बनवला होता. मला त्याचं फार कौतुक होतं, हे आधीच कबूल करते.

त्या फॉर्मवर अकोसुआची कथा आली. अकोसुआ मूळची घानाची. वूस्टरच्या एका नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालणं, जेवू घालणं हे तिचं काम. कथा तिच्या आईवर होती. मार्गारेटने ती एका बैठकीत वाचली आणि अंकात पहिली हीच लावायची म्हणाली. मी फॉर्म उघडला. अकोसुआने 'पूर्वप्रकाशित'वर खूण केली होती, आणि 'कुठे छापलं?' याच्यापुढे लिहिलं होतं, 'माझ्या आईच्या अंत्यविधीची पुस्तिका.'

घानात माणूस गेलं की त्याच्या अंत्यविधीला एक पुस्तिका छापतात. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. त्यात गेलेल्याचं चरित्र, प्रार्थना, आणि घरच्यांनी वाहिलेल्या श्रद्धांजल्या. मुलांची श्रद्धांजली एकत्र असते, आणि एक जण ती सगळ्यांसमोर वाचतो. कथेचा पहिला अर्धा भाग ही श्रद्धांजली होती. ती अकोसुआने लिहिली होती, पण खाली सातही भावंडांची नावं छापलेली. म्हणून तिने आमच्या फॉर्मवर इमानदारीने सातही नावं भरली होती.

मार्गारेट म्हणाली की याला कुणी प्रकाशन म्हणत नाही, तिला फोन कर आणि खूण बदलायला सांग. मी फोन केला. अकोसुआ शांतपणे सगळं ऐकून घेत होती.

"मॅडम, तीनशे लोकांनी ते हातात धरलं होतं," ती म्हणाली. "अजूनही लोकांच्या घरी बायबलशेजारी ठेवलेलं आहे. ते नवीन आहे असं मी कसं लिहू?"

"कायद्याने चालतं," मी म्हणाले.

"आईच्या बाबतीत मी खोटी खूण करणार नाही."

नियम माझाच होता, आणि ती तो माझ्यापेक्षा कसोशीने पाळत होती. मी सातही जणांना करार जाऊ दिला. खरं सांगायचं तर तेव्हा मला बरंही वाटलं. माझा फॉर्म इतक्या गांभीर्याने आजवर कुणी घेतला नव्हता.

पाच भावंडं घानात आणि लंडनला होती. त्यांच्या सह्या दोन दिवसांत आल्या, अकोसुआची तर आधीच होती. अडला तो सगळ्यात थोरला, क्वाकू. तो टेक्सासमध्ये शुगर लँडला राहतो, एका तेलकंपनीत इंजिनियर आहे. दोन आठवडे झाले तरी त्याचं उत्तर नाही. मी तीन रिमाइंडर पाठवले. शेवटी अकोसुआलाच विचारलं, तेव्हा ती म्हणाली की आईच्या अंत्यविधीपासून तो तिच्याशी बोलत नाही.

आई गेली तेव्हा अकोसुआचे ग्रीन कार्डचे पेपर्स मध्येच अडकले होते. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. हे मला कुणी समजावून सांगायला नको. माझे बाबा नागपूरला वारले तेव्हा मीही अशीच पार्सिपनीत बसून होते. मग अकोसुआने श्रद्धांजली लिहून पाठवली आणि क्वाकूने ती तिथे उभं राहून वाचली. पण त्याला कुठून तरी कळलं की आईला माती दिली त्या दिवशी अकोसुआ नेहमीसारखी कामावर गेली होती. न येणं तो समजू शकत होता. कामावर जाणं त्याला समजेना. त्याने फोन घेणं बंद केलं, आणि मग तिनेही करणं सोडलं.

"त्याच्या सहीशिवाय छापू नका," ती म्हणाली. "कथा परत पाठवलीत तरी चालेल."

चालणार नव्हतं, हे तिच्या आवाजावरूनच कळत होतं. ती गेली कित्येक वर्षं लिहीत होती आणि तिचं एक अक्षर कुठे छापून आलं नव्हतं. आता येणार होतं, ते माझ्या नियमामुळे जाणार होतं. मला स्वतःचा राग आला. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, तू एडिटर आहेस की पोस्टमन? सोड ना आता. भावाबहिणीच्या भांडणात तू कशाला पडतेस?" त्याचं बरोबर होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या मी क्वाकूच्या कराराची नोंद उघडली.

या सॉफ्टवेअरमध्ये समोरच्याने कागद कधी उघडला ते दिसतं. टेस्टर असल्यामुळे मला अशा नोंदी चाळायची सवय आहे. मला वाटलं होतं, त्याने ईमेल उघडलाच नसेल. त्याने कथा चौदा वेळा उघडली होती. शेवटची त्याच दिवशी सकाळी.

फॉर्मवर त्याचा नंबर होता. मी लावला. मी कोण, कुठून बोलते हे सांगितलं.

"तुम्ही त्या मासिकाच्या एडिटर," तो म्हणाला. "मग मला सांगा, हा दुसरा भाग खरा आहे का?"

कथेचा दुसरा भाग नवीन होता, पुस्तिकेत नव्हता. त्यात एक मुलगी नर्सिंग होमच्या ब्रेकरूममध्ये युनिफॉर्म घालून उभी आहे. सुट्टी मागितली होती, मिळालेली नाही. घरचं इंटरनेट धड चालत नाही, म्हणून इथल्या वायफायवर ती फोनवरून आईचा अंत्यविधी बघते आहे. भाऊ कागद घेऊन उभा राहतो, तिने लिहिलेलं वाचू लागतो. आईच्या हातांबद्दलच्या ओळीपाशी येतो आणि फोनवरचं चित्र थांबतं. ते पुन्हा सुरू होत नाही. ती डोळे पुसते आणि एका आजीबाईंना जेवण भरवायला जाते. कथा तिथे संपते. शेवटचं वाक्य असं होतं, 'शब्द माझेच होते, पण त्याच्या तोंडून पुढचे मी अजून ऐकलेले नाहीत.'

"करारावर 'कथा' असं लिहिलंय," क्वाकू म्हणाला. "कथा म्हणजे बनवलेली ना?"

इथे मला बरंच काही बोलता आलं असतं. अकोसुआने मला काय सांगितलं ते सांगता आलं असतं. शुक्रवार दोन दिवसांवर होता. पण ती गोष्ट माझी नव्हती.

"मी फक्त कागदपत्रं बघते," मी म्हणाले. "खरं काय ते तुमच्या बहिणीला विचारा."

"आणि सही?"

"ती नंतर करा."

फोन ठेवला आणि वाटलं, झालं, घालवलीस कथा. मार्गारेटला सांगितलं की पहिल्या कथेची जागा भरायला दुसरं काहीतरी तयार ठेव.

गुरुवारी दुपारी सही आली. मी खुर्चीत बसल्या बसल्या मोठा सुस्कारा सोडला. दहा मिनिटांनी अकोसुआचा ईमेल आला. मला वाटलं, आभाराचा असेल. तो दुरुस्तीचा होता. कथेचं शेवटचं वाक्य काढायचं होतं, कारण आता ते खरं राहिलं नव्हतं. काल क्वाकूचा फोन आला होता. आधी दोघंही रडले. मग त्याने कपाटातून पुस्तिका काढली, आईच्या हातांच्या ओळीपासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत वाचून दाखवली.

मार्गारेटने कपाळाला हात लावला. ते वाक्य कथेतलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे, कथा म्हणून छापतोय, त्याला हात लावायचा नाही, असं ती म्हणाली. अकोसुआ म्हणाली, खोटं वाक्य माझ्या नावाने छापू नका. दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या, आणि छापखान्याला फाइल दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती. अशा वेळी लेखनातलं काही न कळणाऱ्या माणसाचा उपयोग होतो. पूर्वप्रकाशित लिखाणाखाली, ते आधी कुठे छापलं त्याची टीप द्यावी लागते. नियमाप्रमाणे एक ओळ. मी तीन ओळी मागितल्या. कथेतलं वाक्य त्या दिवसापुरतं खरं आहे, ते राहू दे, त्यानंतर जे झालं ते टिपेत घालू, असं मी अकोसुआला सुचवलं. तिने विचार करायला तासभर घेतला आणि हो म्हणाली.

अंकात कथेच्या खाली बारीक टायपात ती टीप आहे. 'या कथेचा पहिला भाग लेखिकेच्या आईच्या अंत्यविधीच्या पुस्तिकेत सात मुलांच्या नावाने छापला होता. थोरला मुलगा क्वाकू याने तो दोनदा वाचला. एकदा आईसमोर, आणि एकदा फोनवर बहिणीसाठी.'

पुढच्या अंकांतही पूर्वप्रकाशित लिखाण घ्यायचं ठरलं, म्हणून मी फॉर्म पुन्हा तपासला. चौकोन दोनच ठेवले, सह्यांचा नियमही तसाच ठेवला. फक्त 'कुठे छापलं?' याच्याखाली आता लिहायला जास्त जागा सोडली आहे.