आधी अडलेल्या ओळी, मग चहा

आदरणीय श्रावणराव रामटेके सर यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. या ग्रंथासाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हटले आणि मग पंधरा दिवस कागदाकडे नुसती बघत बसले. सरांविषयी लिहायचे तर एक गोष्ट सांगावीच लागते, आणि ती सांगू नये अशी सरांची सक्त ताकीद आहे. वीस वर्षे मी ती पाळली. आज मोडते आहे. सर रागावतील, तर रागावोत बाप्पा.

सरांची आणि माझी पहिली ओळख एका पत्त्यामुळे झाली. माझे यजमान हवाई दलात. त्यांची बदली लखनौला झाली आणि मी नागपूरहून संगणकाची पदविका आणि दोन ट्रंका घेऊन चारबाग स्टेशनावर उतरले. मामांनी सांगितले होते की, आलमबागेत आपल्या भंडाऱ्याचे रामटेके म्हणून आहेत, सरकारी कार्यालयाच्या संगणक विभागात मोठे आहेत, त्यांना भेट. फोनवर सरांनी पत्ता सांगितला, तो असा: ‘बस अड्ड्याच्या मागे जी गल्ली, तिच्यातल्या पिठाच्या गिरणीच्या समोर जे मंदिर, त्याच्या बगलेत.’ मी दीड तास फिरले. रिक्षावाला भैया वैतागून म्हणाला, “मैडम, पहले तय कर लीजिए जाना कहाँ है!” घामाघूम होऊन दारात उभी राहिले, तर सर म्हणाले, “जय भीम. पाणी प्या आधी. मग हा पत्ता आपण नीट मांडून बघू.”

मला वाटले, थट्टा करताहेत. पण सरांनी खरेच वही काढली. ‘ठिकाण म्हणजे काय?’ असे वर लिहिले आणि खाली दोन ओळी लिहिल्या. ठिकाण म्हणजे एखादे नाव. किंवा ठिकाण म्हणजे ‘मागे’, ‘आत’, ‘समोर’, ‘बगलेत’ यांपैकी एक शब्द, आणि त्याच्या पुढे पुन्हा एक ठिकाण. “बस्स,” सर म्हणाले, “लखनौतले सगळे पत्ते या दोन ओळींत मावतात. दुसरी ओळ स्वतःलाच बोलावते, म्हणून पत्ता हवा तेवढा लांबतो. पण कुठेतरी पहिल्या ओळीवर यावंच लागतं. कुठेतरी नाव लागतंच, नाहीतर माणूस घरी पोचत नाही.” मग त्यांनी माझा तो पत्ता घेऊन वरून खाली फांद्या काढल्या. सर्वांत खालच्या टोकाला बस अड्डा आला, आणि तिथून मी पुढची वाट चुकले होते हेही दिसले. संगणकाला वाक्य वाचायला शिकवण्याचे शास्त्र मी पदविकेत घोकले होते. ते मला कळले मात्र रामटेक्यांच्या ओसरीवर, काकूंच्या हातचा झुणका खाताना.

पुढे महिन्याभरात सरांच्या विभागात मला कंत्राटी काम मिळाले. त्या वेळी आमच्याकडे जुनी टंकलिखित रजिस्टरे संगणकात उतरवणे सुरू होते. कागदावरची ओळ माणसाला एका नजरेत कळते, पण यंत्रापुढे ती अक्षरांची नुसती रांग असते. त्या रांगेचे शब्द तोडायचे, कोणता शब्द कोणत्या जागी येतो त्याचे नियम लिहायचे, आणि नियमांत बसते तशी ओळीची फांदी-फांदी मांडायची, हे आमचे काम. सर त्यात निष्णात होते. परदेशातून आणलेल्या तयार प्रोग्रामांना जी रजिस्टरे वाचता येईनात, ती सरांनी हाताने लिहिलेल्या नियमांनी वाचून दाखवली.

सरांचा एक रिवाज होता. सकाळी कार्यालयात आले की, आदल्या दिवशी यंत्राला ज्या ओळी वाचता आल्या नाहीत त्यांचा कागद ते मागवीत. तो मोठ्याने वाचून होईपर्यंत चहाला हात लावत नसत. कोणी त्या ओळींना कचरा म्हटले, तर ते चष्मा काढून ठेवीत आणि म्हणत, “ओळ कागदावर आहे ना? मग कमी आपल्या नियमात आहे.” याचा अर्थ सर वाटेल ते चालवून घेत असे कोणी समजू नये. एका साहेबांच्या मेहुण्याच्या अर्जात तेरावा महिना लिहिलेला होता आणि ‘जरा आत घ्या’ असा वरून निरोपही आला होता. सरांनी अर्ज परत पाठवला. सगळ्यालाच मान डोलावणारे यंत्र काहीच वाचत नसते, असे ते आम्हाला नेहमी बजावीत.

आता ती गोष्ट.

कार्यालयात कित्येक माणसे वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबत होती. त्यांना कायम करायचे ठरले आणि जुन्या रजिस्टरांवरून त्यांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. एका ओळीत क्रमांक, नाव, काम आणि रुजू झाल्याची तारीख, एवढेच. मी नियम लिहिला: नाव म्हणजे दोन किंवा तीन शब्द, त्यानंतर काम, त्यानंतर तारीख. मी नागपूरची. स्वतःचे नाव, बापाचे नाव, आडनाव, अशी नावे ऐकत मोठी झालेली. आडनावाशिवायचा माणूस असतो हे माझ्या डोक्यातच आले नाही.

पहिल्याच वेळी यंत्राने बऱ्याच ओळी नाकारल्या. पडदा चुकांनी लाल झाला. बडे साहेब मागे उभे होते. म्हणाले, “अरे, कितना टाइम लगेगा? सूची आज शाम को जानी है।” मला अपमान वाटला. नवी होते, ताठा होता. मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: जे वाचता येत नाही ते सोडून पुढे जा, बोलू नकोस. पडदा स्वच्छ झाला. सर त्या दिवशी एका बैठकीला गेले होते. संध्याकाळी परतल्यावर त्यांनी माझ्या भरवशावर यादीवर सही केली आणि लिफाफा मुख्यालयाकडे रवाना झाला.

आमच्या विभागात मैकू नावाचे फर्राश होते. सतरंज्या, खुर्च्या, पाणी, झाडलोट, सगळे त्यांच्याकडे. लिफाफा गेला तेव्हा ते संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढून दारातच उभे राहिले. “बिटिया, हमार नाम चढ़ि गवा?” मी मोठ्या तोऱ्यात म्हटले, “हाँ चाचा, सबका चढ़ गया।” त्यांनी हात जोडले. मला, त्यांच्या लेकीच्या वयाच्या पोरीला!

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी अडलेल्या ओळींचा कागद मागितला. मी म्हटले, “सर, एकही ओळ अडली नाही.” सरांनी चहाचा कप दूर सारला. “चाळीस वर्षांची रजिस्टरं, चार टंकलेखकांनी लिहिलेली, आणि एकही अडली नाही? सुजाता, रजिस्टरात ओळी किती आणि यादीत किती, ते मोज.”

मोजल्या. सदतीस कमी होत्या. एकेक काढून बघितल्या तेव्हा कळले. सगळी एकाच शब्दाच्या नावाची माणसे. ‘मैकू फर्राश’ हे माझ्या यंत्राने पूर्ण नाव धरले, मग काम शोधायला गेले तर समोर तारीख. अडले, आणि मी शिकवल्याप्रमाणे गुपचूप पुढे गेले.

मी रडू लागले. म्हटले, “सर, आडनाव नसेल असं वाटलंच नाही.” सर माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. हळू आवाजात म्हणाले, “माझ्या आज्याला आडनाव कोणी विचारलं होतं, बाई? शाळेच्या दाखल्यात त्याच्या नावापुढे एकच शब्द होता, तोही दुसऱ्यांनी ठेवलेला. आपण तरी असा नियम लिहायचा नव्हता.”

मग ते उठले आणि बड्या साहेबांकडे गेले. मी मागे होते. साहेब म्हणाले, “रामटेके जी, ग्यारह बजे मुख्यालय में इसी सूची पर मीटिंग है। जो छूट गए, अगली बार देख लेंगे।”

“मैकू की अगली बार नहीं है, साहब। इसी साल साठ के हो रहे हैं।”

“तो मैं क्या लिखूँ? किसकी गलती?”

“मेरी,” सर म्हणाले, “दस्तखत मेरे हैं।”

मी तोंड उघडले. सरांनी न वळताच हात आडवा केला. मी गप्प बसले. भित्री होते म्हणून गप्प बसले, दुसरे कारण नाही. कंत्राट जाईल, यजमान काय म्हणतील, एवढेच मनात आले. सरांनी तिथल्या तिथे पत्र लिहिले: ‘यादी सदोष आहे, दोष माझा आहे, दुपारपर्यंत दुरुस्त यादी देतो.’ ते खिशात घालून स्कूटरवर मुख्यालयात गेले. जाताना मला एवढेच सांगितले, “कामांची नावं मोजकी आहेत. फर्राश, माळी, चौकीदार. ती आधी ओळखायला शिकव. आणि नावाचा नियम पत्त्यासारखा लिही.”

पत्त्यासारखा! नाव म्हणजे एक शब्द. किंवा एक शब्द, आणि त्याच्या पुढे पुन्हा नाव. ओसरीवर शिकलेल्या त्याच दोन ओळी. दहा मिनिटांचे काम होते. यंत्राने सदतीसच्या सदतीस ओळी वाचल्या, आणि मी त्या पुन्हा बोट ठेवून वाचल्या. मग नवी यादी मुख्यालयात पोचवली. मुख्यालयात सरांनी बैठक दुपारपर्यंत थोपवून धरली होती. त्यासाठी त्यांना काय काय ऐकून घ्यावे लागले, ते त्यांनी कधी सांगितले नाही. मैकूचाचा कायम झाले. निवृत्तीपूर्वी त्यांच्या वाट्याला थोडेच महिने आले. पण त्यांच्या गळ्यात फोटो असलेले ओळखपत्र आले, आणि ते घालून ते सगळ्या खोल्यांतून एकदा फिरले.

सरांच्या गोपनीय अहवालात मात्र त्या पत्राची नोंद झाली. विभागप्रमुखाची जागा त्यांचीच, असे सगळे धरून चालले होते. ती बाहेरच्या माणसाला मिळाली. मी माफी मागायला आलमबागेत गेले, तर सर वाटाणे सोलत बसले होते. मला बोलूच दिले नाही. “मैकू कायम झाला ना? मग झालं तर. अन् हे कुठं बोलायचं नाही. शिकणाऱ्याची चूक शिकवणाऱ्याच्या नावावर जाते, तशीच रीत आहे.” काकू आतून म्हणाल्या, “अहो, पोरीला खायला तर द्या काही!” आणि माझ्यासमोर ताट आले.

म्हणून आज या ग्रंथात, आपणा सर्वांसमोर लिहिते आहे: ती चूक रामटेके सरांची नव्हती. माझी होती. त्यांच्या वाट्याची खुर्ची माझ्यामुळे गेली, आणि त्यानंतरही त्यांनी माझ्याशी कधी एक शब्द तिरका काढला नाही. यजमान सीमेवर असताना माझी मुलगी तापाने फणफणली, तेव्हा दवाखान्यात तीन दिवस सर आणि काकूच आळीपाळीने बसले होते. निवृत्तीनंतर दर रविवारी सर ओसरीवर मुलांना शिकवतात. मुले हिंदीत उत्तरे देतात, सर मराठीत विचारतात, कोणाचेच अडत नाही. आणि पहिला धडा अजूनही पत्त्याचाच असतो.

या ग्रंथासाठी शुभेच्छा मागवण्याचे काम सरांची नात तनू हिने अंगावर घेतले. तिने मोबाइलवर भरायचा एक अर्ज तयार केला. परवा मी विचारले, “कसं चाललंय?” ती म्हणाली, “मावशी, बढ़िया। ढेर सारे मैसेज आए हैं, कोई दिक्कत नहीं।” मी म्हटले, “अडलेल्या ओळी दाखव आधी.” तिने जीभ चावली. नात कोणाची! ओळी तिने टाकल्या नव्हत्या, ठेवल्या होत्या, फक्त वाचायच्या राहिल्या होत्या. अर्जात आडनावाचा रकाना सक्तीचा होता.

एक शुभेच्छा चार वेळा परत गेली होती. चारही वेळा एकाच फोनवरून, पाठवणाऱ्याच्या सुनेच्या. नावाच्या जागी मैकू. आडनावाच्या जागी काहीच नाही.

सरांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभावे, हे आपण सगळेच मागणार आहोत. माझे मागणे मी त्या चार वेळा नाकारलेल्या ओळीच्या मागे उभे करते. तनूने ती ग्रंथाच्या पहिल्या पानावर घेतली आहे, जशी आली तशी:

“साहब, हम अबहीं हैं। आपौ बने रहौ।”