कंसातले आकडे

वायरमन माणूस लबाड नव्हता हो, पण 'माझं चुकलं' म्हणायला त्याची जीभ वळायची नाही. कारखान्यातली पॅनेलं जोडण्यात त्याचा उभा जन्म गेला. तिथं चुकून चालत नाही, कबूल. पण म्हणून घरात चुकायचं ते नेहमी बायकोनंच, हा कुठला न्याय?

लेकीला दिवस गेले तेव्हा बायकोनं हौसेनं विणकाम शिकायला घेतलं. शेजारणीनं सुलट टाका, उलट टाका शिकवला आणि बाळाच्या स्वेटरचा छापील नमुना हातात ठेवला. नेमकं तेव्हाच बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. जाड लोकर हाताला कळायची, पण नवा चष्मा येईपर्यंत बारीक अक्षर वाचायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. मग काय, "अहो, तेवढं वाचून दाखवता का?"

वाचायचा तो, पण एक डोळा टीव्हीवर. कागदावर असायचं: टाके घाला ५६ (६२, ६८). ही काय भानगड, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. तिला कंस दिसत नव्हता आणि ह्याला त्याची फिकीर नव्हती. नजर पडेल तो आकडा द्यायचा ठोकून. पाठ विणताना पहिला सांगितला, पुढची बाजू विणताना शेवटचा.

दोन्ही भाग शेजारी ठेवले तर एक बाहुलीचा, दुसरा चांगल्या बाळसेदार पोराचा. मोजून मोजून बायको रडकुंडीला आली. "अहो, पाठीला तुम्ही वेगळा आकडा सांगितला होतात ना?"

"लिहिलंय तेच वाचलं. तुझंच डोकं ठिकाणावर नाही, त्याला मी काय करू?"

बोलला आणि विसरला. ती विसरली नाही. तिच्या आईचं शेवटी तसंच झालं होतं. पोटच्या पोरीला 'तुम्ही कोण' म्हणून विचारायची. बायकोनं सुया कपाटात टाकल्या आणि चष्मा आला तरी बाहेर काढल्या नाहीत. गॅस बंद केला की नाही ते बघायला अंथरुणातून पुन्हा पुन्हा उठू लागली. घराची जादा किल्ली शेजारणीकडे देऊन आली. आणि एक दिवस लेकीला फोनवर म्हणाली, "बाळंतपणाला मला नको गं बोलावूस. बाळ कुठं ठेवलं तेच विसरले तर?" लेकीनं घाबरून मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली.

हे वायरमनच्या कानावर पडलं. बायको शेजारी गेल्यावर त्यानं गुपचूप सुया काढल्या. राहिलेल्या बाह्या आपणच विणाव्यात, तेवढंच तिला बरं वाटेल. सर्किट वाचणाऱ्याला ह्यात काय कठीण! पण टाके घालायलाच घोडं अडलं. तीन आकड्यांतला घ्यायचा कुठला?

तेव्हा कुठे त्यानं कागद वरपासून वाचला. वर चक्क लिहिलेलं होतं: माप तीन महिने (सहा महिने, एक वर्ष). अरे देवा! कुठल्या मोटरला किती जाडीची वायर, असले तक्ते त्यानं आयुष्यभर वाचले होते. आपला रकाना एकदा धरायचा आणि शेवटपर्यंत सोडायचा नाही. इथंही तेच होतं. त्यानं बोट ठेवून दोन्ही भागांचे टाके मोजले. पाठ पहिल्या मापाची, पुढची बाजू तिसऱ्या मापाची. आणि त्याच्या तोंडून निघालेल्या आकड्यांप्रमाणे तिचा एकही टाका चुकलेला नव्हता.

दे माय धरणी ठाय झालं त्याला. तरी माणसाचा स्वभाव बघा, पहिला विचार आला तो हाच, की गप्प बसावं. "चल, पुढची बाजू उसवून पुन्हा करू, मी वाचतो," म्हणाला. तिची हजार मनधरणी केली. ह्या खेपेला टीव्ही बंद ठेवून, पहिलाच आकडा धरून वाचलं. दोन्ही भाग जुळले. बायको किती दिवसांनी हसली.

"आज डोकं ताळ्यावर दिसतंय माझं," ती म्हणाली. मग लोकर गुंडाळता गुंडाळता हळूच म्हणाली, "उद्याचं काय सांगावं."

आता मात्र त्याला राहवेना. "तुझं डोकं कधीच बिघडलं नव्हतं गं. मीच चुकीचं वाचत होतो." कागद पुढ्यात ठेवून त्यानं सगळं सांगितलं.

तिनं चष्मा लावून कागद वाचला. कितीतरी वेळ वाचत राहिली. तो वाट बघत होता, ओरडेल, रडेल, निदान कागद तरी फेकेल.

"मी उठउठून गॅस बघायचे," ती म्हणाली. "तुम्ही जागे असायचात ना?"

जागा असायचा तो.

"लेकीला फोन लावा. आणि आई बरी आहे एवढंच सांगून मोकळे होऊ नका. तुम्ही काय केलंत ते सांगा."

त्यानं फोन लावला. बायको समोरच बसून राहिली. पलीकडून लेकीचा घाबरा आवाज आला, "बाबा, आई पुन्हा काही विसरली का?"

"नाही गं," तो म्हणाला, "माझं चुकलं."