बिनफुलांचा कळप

उद्या गुरं खाली उतरायची होती आणि आगाथा सेले फुलं ओवत बसली होती. लिक्टेनस्टाइनमधल्या त्या उंच कुरणावर तिची हयात गेली. तरुणपणी नवऱ्याबरोबर आली, नंतर दर उन्हाळ्यात एकटीच येत राहिली. आता गुडघ्यांनी हात टेकले होते. हा उन्हाळा शेवटचा.

डोंगरावर सगळं सुखरूप पार पडलं, तरच गुरं फुलांचे मुकुट घालून उतरतात. जनावर दगावलं, माणूस दगावलं, तर बोडक्या डोक्यानं. आगाथाचा कळप एकदाच बोडका उतरला होता. त्या साली वीज पडून तिचा नवरा आलोइस गेला. शेवटच्या उतरणीला मात्र तिला फुलं हवीच होती. सगळ्यात जास्त दूध दिलेल्या ब्रुनीसाठी रंगवलेलं लाकडी काळीजही तयार होतं. ते गाईच्या कपाळावर मिरवतं आणि मग गोठ्याच्या दारावर कायमचं ठोकलं जातं.

तेवढ्यात फाटक वाजलं. एक पर्यटक बाई कुत्र्याला घेऊन थेट कळपात शिरली होती. फाटकावर कुत्र्यांबद्दल एवढी मोठी पाटी लावलीय, पण वाचतंय कोण!

ब्रुनीनं मान खाली घातली. गाईला परकं कुत्रं म्हणजे लांडगाच.

"अगं बये, कुत्रा सोड!" आगाथा काठी घेऊन धावली. "सोड त्याला! तो पळेल, तू मरशील!"

बाईनं काय करावं? कुत्र्याला उचलून छातीशी धरलं! ब्रुनी सुसाट सुटली. आगाथाचे गुडघे साथ देईनात. तिनं काठी भिरकावली, ती ब्रुनीच्या पाठीवर बसली, पण गाय कसली थांबते! अगदी शेवटच्या क्षणी बाईच्या हातून कुत्रा सुटला आणि कड्याकडे पळाला. ब्रुनी त्याच्यामागे. कड्याशी कुत्रा गर्रकन वळला. ब्रुनीला वळता आलं नाही.

तिच्या गळ्यातली घंटा खडकांवर आपटत खाली गेली आणि गप्प झाली.

बाई तिथंच उभी होती. कुत्रा शेपूट हलवत परत आला. आगाथानं नुसतं फाटकाकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी धाकटा दीर एंगेलबर्ट वर आला. गावातलं पाहुण्यांचं हॉटेल त्याचं.

"वहिनी, खोल्या भरल्यात माझ्या. लोक फुलं बघायला आलेत. बाकीच्या गाईंना बांध की! पाहुण्यांना काय कळतंय?"

"मला कळतं ना."

"एका गाईपायी शेवटची उतरण नासवणार?"

"भावजी, तुमच्या भावासाठी गुरं बोडकी उतरवली होती ना? मग आज चुलीत गेली रीत?"

एंगेलबर्ट रागारागात निघून गेला, आणि आगाथा ओवलेल्या फुलांकडे बघून ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी कळप बोडका उतरला. रस्त्याकडेच्या गावकऱ्यांनी टोप्या काढल्या. पाहुणे मात्र कुजबुजत होते, "हे काय, फुलं कुठायत?" एंगेलबर्ट पुढेच उभा होता. त्याच्याही हातात टोपी होती. कालच्या बाईनं त्यालाच विचारलं, आणि त्यानं तिला रीत सांगितली.

दुपारी आगाथा ब्रुनीच्या रिकाम्या गोठ्याच्या दारावर काळीज ठोकत होती. मागं पावलं वाजली. या खेपेला बाई एकटीच होती.

"मला माहीत नव्हतं हो," ती रडत म्हणाली. "तुमची फुलं माझ्यामुळे गेली. मी कुत्रा आधीच सोडायला हवा होता."

"हवा होताच," आगाथा मागं न बघता म्हणाली. मग हातोडी थांबली. "ब्रुनीऐवजी तू गेली असतीस, तरीही गुरं बोडकीच उतरली असती. तो खिळा दे इकडे."