भेव कुठं लागलं?

गाडीत कोणताही नवा भाग बसवला की माझी मोठी बहीण शालूताई पहिल्या फेरीला मलाच शेजारी बसवायची. कारण एवढंच, की मी भितो. बब्बूभाई मिस्त्री हौसेने पुढे यायचे, तर ती त्यांना हातानेच बाजूला सारायची. "तुमी नको, बब्बूभाई. तुमाले कशाचंच काही वाटत नाई. मास्तरले बसू द्या." मास्तर म्हणजे मी. कॉलेजात मराठी शिकवत होतो, म्हणून तिने ठेवलेलं नाव. मनीषनगरच्या आमच्या घराच्या फाटकातून गाडी बाहेर पडायच्या आतच माझ्या दोन्ही मुठी सीटच्या कडांवर आवळलेल्या असत.

सकाळच्या गारव्यात ती गाडी बाहेरच्या रिंगरोडला घ्यायची. रस्ता मोकळा दिसला की क्षणभर माझ्याकडे बघायची आणि मग पाय दाबायची. पाठ सीटला चिकटायची, पोट मागे राहिल्यासारखं वाटायचं, बाजूची झाडं वितळायची. मी डोळे मिटायचो. थोड्या वेळाने ती गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायची आणि डॉक्टरने विचारावं तसं विचारायची, "हं, सांग. भेव कुठं लागलं?"

"पुलाच्या उतारावर. पायाखाली काहीतरी थरथरत होतं."

"जाड का बारीक?"

"बारीक. डब्यात माशी अडकल्यासारखं."

घरी आल्यावर बब्बूभाई गाडीखाली सरपटत शिरायचे आणि कुठलातरी सैल झालेला बोल्ट हातात घेऊन बाहेर यायचे. दरवेळी बोल्ट सापडायचाच असं नाही. कित्येकदा माझी भीती निव्वळ भीतीच निघायची. पण ताई विचारल्याशिवाय राहायची नाही. "भेणाऱ्याचं आंग खोटं बोलत नाई," ती म्हणायची. "हिंमतवाले लोकं लपवते."

बाबांचं लकडगंजात ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं, दोन्ही बाजूंना लाकडाच्या वखारी. बाबा गेल्यावर ते तिने चालवलं. लग्न राहून गेलं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दुकानातून आली की तिच्या ओढणीला भुसा आणि ग्रीस दोन्हींचा वास असायचा. बाबांची जुनी सेडान तिने मोडीत जाऊ दिली नाही. तिला टर्बो बसवला, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र, आणि त्या म्हाताऱ्या गाडीची ताकद दुपटीहून वर नेली. कशासाठी, असं मी एकदा विचारलं.

"तू येवढे पुस्तकं काहून वाचतं गा? कोणाच्या कामाचे हायेत?"

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"मंग? तसंच हाय हे."

टर्बो आला तेव्हा जुने पिस्टन चालणार नव्हते. एका संध्याकाळी ती वर आमच्या बिऱ्हाडात आली आणि मी तपासत असलेल्या उत्तरपत्रिकांवर तिने दोन पिस्टन ठेवले. पेल्याएवढे, चकचकीत, दिसायला सारखे. माझी बायको चहा ठेवायला गेली तेवढ्यात ताईने ते माझ्या हातात दिले. एक ओतीव, साच्यात धातू ओतून केलेला. दुसरा ठोकून घडवलेला, बाजारात ज्याला फोर्ज्ड म्हणतात तो. ओतीव पिस्टन स्वस्त, शांत, पहिल्या सेकंदापासून गुमान चालणारा. पण दाब सोसेनासा झाला की तो काही न सांगता एकदम फुटतो आणि अख्खं इंजिन घेऊन जातो. घडवलेला महाग. त्याला सिलिंडरमध्ये थोडी सैल जागा ठेवावी लागते, कारण तापल्यावर तो जास्त फुगतो. म्हणून गार असताना तो खडखड वाजतो. पण भार झाला तर आधी वाकतो, ओरखडतो, आवाज बदलतो.

"म्हणजे हा तक्रार करतो," मी म्हटलं.

"हो. अन् थो करत नाई." तिने ओतीव पिस्टन बोटाने दूर ढकलला. "न बोलता फुटणारं काहीच घरात नको, मास्तर. माणूसबी नको."

पुढे त्या पिस्टनांची खडखड आमच्या घरातली पहिली जाग झाली. ताई खाली गाडी सुरू करायची आणि पोर्चमधून चमच्यांनी भरलेला डबा कोणीतरी हलवावा तसा आवाज यायचा. मला वाटायचं, आता तुटलं. इंजिन तापलं की तो विरत जायचा आणि मग फक्त एक खोल घुमारा उरायचा. "थंडा हाय म्हणून वाजते," ती खिडकीकडे बघून ओरडायची. "तुह्यासारखा! गरम झाला का चूप!"

क्लचचा प्रश्न त्याहून अवघड होता. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत क्लच नेतो. ताकद वाढली आणि क्लच तोच राहिला, तर तो घसरतो. इंजिन बोंबलत राहतं आणि गाडी जागची हलत नाही. आवळून धरणारा क्लच घालावा तर डाव्या पायाखालचं पेडल दगडासारखं होतं. दोन तबकड्यांचा घालावा तर पेडल हलकं राहतं, पण तो महाग आणि कुरकुरणारा. ताईने आवळून धरणारा घातला. बब्बूभाई म्हणाले, "ताई, ट्रॅफिक में पैर टूट जाएगा." ती हसली. "ट्रकवाल्याची पोरगी हाय मी. पायच तं भक्कम हाय." आणि खरंच, वर्षभर तिने तो क्लच लोणी कापावं तसा दाबला.

मग एका उन्हाळ्यात ती म्हणाली, "क्लच जड होऊन राहिला बावा." बब्बूभाईंनी तेल बदललं, नळीतली हवा काढली. थोडे दिवस बरं वाटलं. मग पुन्हा जड. त्याच सुमारास दुकानाच्या उंबरठ्याला तिची डावी चप्पल अडकायला लागली. ती चपलेवर चिडली. नवी घेतली, तीही अडकली. "आजकाल चपला धड बनवतच नाई लोकं," असं म्हणून पट्ट्याची चप्पल घेतली. मी ते पाहत होतो. मला भेव कुठं लागलं ते नेमकं कळलं होतं, पण या खेपेला ती विचारत नव्हती.

पावसाळ्यात तिने तो क्लच उतरवला आणि दोन तबकड्यांचा हलका मागवला. तो बसवल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाली, "हाबी जडच."

आम्ही तिघं बब्बूभाईंच्या शेडमध्ये होतो, पत्र्यावर पावसाचा आवाज होता. मग ते गाडीच्या दारातून आत वाकले आणि तळहाताने पेडल दाबलं. ते सहज खाली गेलं. "ताई, ये तो मक्खन है," ते हळूच म्हणाले आणि लगेच हात फडक्याला पुसत बसले, जणू बोलायला नको होतं ते बोलून गेले.

ताई उतरली. "मास्तर, तू बस."

"मला गाडी येत नाही, ताई."

"गाडी नाई चालवाची. नुसता दाबून पाह्य."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या स्टिअरिंगमागे बसलो. डावा पाय पेडलवर ठेवला. मनात म्हणत होतो, जड निघू दे. दगडासारखं निघू दे. मी दाबलं आणि ते गवतात पाय रुतावा तसं खाली गेलं. मी पुस्तकातला माणूस, जिना चढताना दमणारा, आणि माझ्या पायाला ते काहीच नव्हतं.

"जड आहे," मी म्हणालो. "बरंच जड आहे."

ताई दाराच्या चौकटीला हात टेकून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. रिंगरोडच्या कडेला बघायची तशीच.

"मास्तर," ती म्हणाली, "जड असतं तं तुले भेव नसतं वाटलं."

मग तिने वाकून स्वतःची डावी पोटरी दोन्ही हातांनी चाचपली, आणि बब्बूभाईंना म्हणाली, "असू द्या बब्बूभाई. क्लच चांगला हाय. तुमचा काही दोष नाई."

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी तिला टेबलावर झोपवलं आणि तळहात पुढे धरून म्हणाले, पायाने ढकला. उजव्याने ढकललं. डाव्याने ढकलताना ती म्हणाली, "डॉक्टर, तुमीबी क्लचच पाह्यताय नं?" ते हसले नाहीत, म्हणून मला कळलं. आजाराचं नाव लांबलचक होतं. अर्थ असा, की स्नायूंना हुकूम पोचेनासा होतो. एकेक स्नायू मुका होत जातो. पाय, मग हात, मग बोलणं, मग श्वास. औषधं होती, पण ती फक्त चाल थोडी मंद करणारी. परतताना रिक्षात मला रडू आलं, आणि रडताना मी तिच्यावर चिडलो. "एवढे महिने चपला बदलत बसलीस! तू तर ओतीव निघालीस, ताई."

ती बाहेर बघत होती. "भेव वाटलं मले," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं. थोड्या वेळाने माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आता तू शीक गाडी."

मी नाही म्हणालो. अनेकदा म्हणालो. त्या गाडीवर कोणी शिकतं का? ती म्हणायची, भेकडालाच अशी गाडी द्यायची असते. एकदा दुकानात एक तरुण गाडीची ताकद वाढवायचं सामान मागत होता, पिस्टन मात्र जुनेच ठेवणार होता. ताईने त्याला विचारलं, "तुले भेव वाटते का?" तो छाती काढून म्हणाला, "बिल्कुल नाही." तिने सामान परत आत ठेवलं. तो गेल्यावर म्हणाली, "याले इंजिन नाई, चार खांदे लागन." ते आठवून मी शेवटी तयार झालो.

शिकवण्याची रीत तिची. मी स्टिअरिंगमागे, ती डावीकडे. तिचा हात तेव्हा अजून चालत होता, म्हणून गेअर ती टाकायची आणि क्लच मी दाबायचो. "दाब," ती म्हणायची. मी दाबायचो. खटकन गेअर पडायचा. "सोड. हळू. हळू म्हटलं न गा, धसाड्या! पिठाची चाळणी हाय का हे!" आम्ही दोघं मिळून एक चालक होतो. मनीषनगरच्या रिकाम्या प्लॉटांमधून गाडी उड्या मारत जायची आणि फाटकांवरची माणसं बघून हसायची. ताईही हसायची. मी घामाने निथळायचो. पुढे तिच्या बोटांतली पकड गेली. तिने एकदा गेअरची दांडी धरली, सोडली, पुन्हा धरली, आणि हात मांडीवर ठेवून दिला. "आता दोन्ही तूच कर," एवढंच म्हणाली.

पलंग तिच्या सांगण्यावरून पोर्चच्या खिडकीशी लावला. रोज सकाळी मी गाडी सुरू करायची आणि ती ऐकायची. खडखड विरायच्या नेमक्या क्षणी ती डोळे मिटून उघडायची. मी तिथे उभा असूनही मला तो क्षण कधी पकडता आला नाही.

बोलणं जायच्या बेतात होतं तेव्हा एका दुपारी तिने मला जवळ बसवलं. शब्द जड झाले होते, एकेक ओढून आणावा लागत होता. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"माह्यामागून... तू रोज क्लच दाबून पाह्यशील. जड झाला का म्हणून. मले माहीत हाय तू."

ते मी आधीच करायला लागलो होतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बहुतेकांत हा आजार घराण्यात उतरत नाही. 'बहुतेकांत' हा शब्द मी रात्रंदिवस उलटसुलट वाचत होतो.

"दाब," ती म्हणाली. "पण नुसता दाबून बसू नको. दाबला का... गेअर टाक."

थंडीत ती गेली. सकाळची वेळ होती, गाडी अजून सुरू केलेली नव्हती.

आता गाडी माझ्याकडे आहे. विकत मागायला दोघेतिघे आले. मी त्यांना ताईचा प्रश्न विचारला आणि परत पाठवलं. रोज सकाळी मी पोर्चमध्ये जातो, इंजिन सुरू करतो, खडखड ऐकत बसतो. ती विरली की डावा पाय पेडलवर ठेवतो. काही दिवस ते गवतासारखं असतं. काही दिवस, विशेषतः झोप नीट झाली नसेल तर, मला वाटतं आज कालच्यापेक्षा किंचित जड आहे. मी पुन्हा दाबत नाही, खात्री करत नाही. मांडी थरथरत असते, तळव्याला घाम असतो. रिकाम्या डाव्या सीटकडे न बघता मी तिला सांगतो, इथं लागलं, ताई, इथंच. आणि पहिला गेअर टाकतो.