चपलांचा ढीग

गंगापूरला मी नववीला इतिहास शिकवते. जाताना जीपमध्ये रोज एक आजी समोर बसायच्या. आपल्या गावाच्या फाट्यावर उतरल्या की चपला काढून बगलेत धरायच्या आणि अनवाणी चालू लागायच्या. तळव्यांना काही होत असेल, असं मला वाटायचं.

एकदा माझ्या मांडीवर छळछावणीचं मोठं चित्र होतं. मारलेल्या ज्यू माणसांच्या चपला-बुटांचा ढीग. आदल्या दिवशी या धड्यावर मुलांनी एवढंच विचारलं होतं, ‘‘मॅडम, परीक्षेला येनार का?’’

आजींनी चित्रातल्या एका चिमुकल्या बुटावर बोट ठेवलं. ‘‘कोनाच्या ह्या?’’

‘‘छावणीत मारलेल्या माणसांच्या. ज्यू म्हणून जन्मले, एवढ्यासाठी मारलं त्यांना.’’

‘‘मारलं ते मागून, बाई. आधी चपला काढाया कुनी लावल्या?’’

मी त्यांच्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं.

‘‘आमच्या जातीला वरच्या आळीतून चपला घालून जाऊ देत नव्हते. आता कुनी काय म्हनत नाय. पन पाय ऐकत नाय.’’

फाटा आला. त्या उतरल्या, चपला बगलेत धरून गेल्या.

वर्गात चित्र लावलं आणि आजींचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं पाय हळूच बाकाखाली ओढून घेतले.