भिंतीवरची गोधडी

मला न विचारता कुणी काही सुचवलं की माझं डोकं फिरतं. कुठली कढई घ्यावी, कुठल्या तेलानं केस गळायचे थांबतात, रिकामपणी कसला छंद लावून घ्यावा, हे सांगायला हल्ली जो तो टपलेला आहे. पूर्वी विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडत नसे. आता प्रश्न पडायच्या आत उत्तर हजर, आणि त्याच्याखाली ती वस्तू कुठं मिळेल तेही लिहिलेलं.

माझी भाची यात सगळ्यांच्या पुढं. पोर गुणाची. इथंच सिडकोत राहते, नोकरी करते, माणसं धरून आहे. पण तिच्या फोनमध्ये नव्या आयांचा एक ग्रुप आहे आणि त्या ग्रुपशिवाय तिचं पान हलत नाही. दिवस गेले तेव्हापासून घरात खोक्यांची रांग लागली. बाळाला पुसायचे ओले रुमाल. बाळाला झोप यावी म्हणून पावसाचा आवाज काढणारं यंत्र. बांबूपासून केलेलं म्हणे कापड.

"बांबूच्या टोपल्या होतात गं माय," मी म्हणाले.

"मावशी, सगळ्यांनी रेकमेंड केलंय," असं म्हणून ती पुढचं खोकं फोडायला घ्यायची.

मलाही तिनं सोडलं नाही. तू एकटी असतेस, मनाला विरंगुळा पाहिजे, म्हणून रंग भरायची वही आणून दिली. फुलं-पानं आधीच काढलेली, आपण फक्त रंगवायची. साठी उलटलेल्या बाईला! वही जाड आहे, गरम कुकर ठेवायला बरी पडते.

विरंगुळाच म्हणाल तर मी गोधड्या शिवते. त्याला भाची 'स्लो स्टिचिंग' म्हणायला लागली. त्यानं मन शांत होतं म्हणे. मन शांत व्हावं म्हणून कोण शिवतं? थंडी वाजते म्हणून शिवतात. आणि मी काही स्लो नाही.

तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण. गावी, कन्नडला असायची. नातीचं तोंड बघायच्या आधीच ती गेली. भाचीचं बाळंतपण मग माझ्याकडं आलं, आईच्या जागी दुसरं होतं कोण? बहिणीची सुती पातळं मी कन्नडहून आणून ठेवली होती, धुवून धुवून रंग उडालेली, लोण्यासारखी मऊ. त्यांची गोधडी करायची आणि लेकरू त्यात निजवायचं. आजीची मांडी नाही तर नाही, निदान आजीचा पदर तरी त्याच्या अंगाला लागावा, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी डोळे फोडून घेत होते.

दोरा आणायला औरंगपुऱ्याच्या बाजारात गेले, तर दुकानदारानंही सुचवलंच. "काकू, रेडिमेड घेऊन जा ना. मशीनची येते, एकदम हलकी."

"तुम्हीच पांघरा," म्हटलं.

आमच्याकडं गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करताना आत भाकरीचा तुकडा घालतात. गोधडी उपाशी ठेवायची नाही. जी स्वतःच उपाशी, ती दुसऱ्याला काय ऊब देणार? माझ्या हातात भाकरी दिसली तशी भाचीनं फोन काढला. "मावशी, मुंग्या येतील. त्यापेक्षा लव्हेंडरची पुडी घाल. ग्रुपवर सांगतायत."

"त्यांच्या गोधडीत घालू दे त्यांना," मी म्हणाले, आणि वाळक्या भाकरीचा नखाएवढा तुकडा आत सारून टाके घालून मोकळी झाले.

बारशाला पाळण्यात पहिल्यांदा घालायची म्हणून गोधडीची घडी तिच्या हाती दिली आणि पाहुण्यांना आणायला कन्नडला गेले. बारशाच्या दिवशी सगळ्यांना घेऊन दारात उभी राहिले, तर गोधडी दिवाणखान्याच्या भिंतीवर! चकचकीत लाकडी दांडीला लटकवलेली, धूळ बसू नये म्हणून वरून पारदर्शक प्लास्टिक. खाली पाळणा, पाळण्यात ते बांबूचं कापड, आणि बायका गोधडीपुढं उभ्या राहून फोटो काढतायत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय केलंस?"

"वॉल हँगिंग, मावशी. कसलं सुंदर दिसतंय बघ. सगळ्यांनी हेच सुचवलं."

"भित्ताला थंडी वाजायली का?"

पाहुणे हसले. मी नाही हसले. खुर्ची ओढली, वर चढले आणि प्लास्टिक ओरबाडलं. भाचीनं खालून माझं लुगडं धरलं.

"राहू दे गं! खाली घेतली की बाळ भिजवणार, मग धुवा, पुन्हा धुवा. आधीच विरलीत ती पातळं. वर्षभरात चिंध्या होतील. मग आईचं माझ्याजवळ काय राहील?"

अर्धी गोधडी माझ्या हातात, अर्धी दांडीला. खरं सांगते, राग उतरला नाही, उलट वाढला. पण आता तो पोरीवर नव्हता. बहिणीवर होता. एवढी काय घाई होती तिला? लेकीला मऊ शब्दानं समजवायचं काम तिचं होतं, आणि ते ती माझ्यासारख्या खेकसणाऱ्या बाईवर टाकून गेली. मला ते जमत नाही. जमलंही नाही.

"विरंल तर विरंल," मी म्हणाले. "तुझी माय काय टांगून ठेवायला पातळं नेसली व्हय? रानात गेली, चुलीम्होरं बसली, तुला पदराखाली घेऊन हिंडली. म्हणून मऊ झाली ती. टांगून ठिवली असती तर कडकच ऱ्हायली असती."

तिनं माझं लुगडं सोडलं. मी खाली उतरले, पाळण्यातला बांबू बाजूला काढला, गोधडी चौघडी करून पाळण्यात अंथरली आणि लेकराला तिच्यावर ठेवलं. नाव ठेवायच्या आधीच लेकरानं गोधडी भिजवली. सगळ्या बायका खो खो हसल्या. भाची रडत होती, आणि रडता रडता तिनं सवयीनं फोन उचलला.

"थांब, विचारते, हे कशानं धुवायचं."

मी तिचं मनगट धरलं. "त्यांला काय इचारायलीस? तुझी माय काय करायची?"

ती फोनकडं बघत राहिली. मग गोधडीकडं.

"नुसत्या पाण्यातून काढायची," ती म्हणाली. "आणि उन्हात टाकायची."

"मग टाक."