रत्नागिरीत सोळा दिवस आणि एक मिशी

छत्तिसाव्या वर्षी शहाणी माणसं गुडघे तपासून घेतात, नाहीतर शेजाऱ्याच्या नव्या गाडीवर जळतात. मी ठाण्यातली विमा कंपनीची कायमची नोकरी सोडली आणि लोकांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवायचं ठरवलं. चार वर्षं सुट्ट्यांच्या दिवशी स्कूबावाल्यांकडे मदतनीस म्हणून राबलो होतो. पर्यटकांच्या टाक्या उचलल्या, त्यांचे फोटो काढले, त्यांच्या उलट्या धुतल्या. आता रीतसर प्रशिक्षक व्हायचं होतं. रत्नागिरीत सोळा दिवसांचा कोर्स होता आणि शेवटी परीक्षा.

माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, ही बातमी सांगायचं काम मी मोठ्या शौर्याने आईवर सोपवलं. आबा बत्तीस वर्षं बोटीवर होते. निम्मं जग बघून आले, पण पोहता येत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की पाणी हे त्याच्या वर राहण्यासाठी असतं. "खाली गेलेला कोण परत आलाय? नि हा म्हणे खाली न्यायचे पैसे घेणार!" त्यानंतर ते माझ्याशी बोलेनात. तीन महिने झाले होते.

ठाण्याहून सकाळची गाडी धरली. तिकीट आधी काढा, गणपतीत आणि मे महिन्यात तर फारच आधी, नाहीतर संडासाच्या दारात उभं राहून निसर्गसौंदर्य बघावं लागतं. वाटेत आमचं सावर्डे लागतं. गाडी तिथे थांबत नव्हती, तरी मी स्टेशन जाईपर्यंत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो होतो. छत्तीस वर्षांचा घोडा, बापाला घाबरून पेपरामागे!

रत्नागिरी स्टेशन शहरापासून इतकं लांब का बांधलं, हे फक्त रिक्षावाल्यांना माहीत आहे आणि ते खूश आहेत. मीटर नावाची वस्तू रिक्षात असते, ती शोभेला. आधी भाव ठरवा, मग बसा. मी मांडवीला सावंतकाकूंकडे खोली घेतली, दिवसाला सहाशे, सकाळचा चहा-पोहे धरून. खोलीतून समुद्र दिसतो असं जाहिरातीत होतं. दिसतो. मोरीच्या खिडकीतून, बादलीवर चढलं की.

शिकवणारे परेरासर. साठीचे, काटक, गुळगुळीत दाढी केलेले, आवाज इतका हळू की ओरडण्यापेक्षा जास्त भीती वाटावी. शिकणारे दोघंच, मी आणि नाशिकची निकिता. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिला मूर्ख माणसांची सवय होती. सकाळी पोहण्याच्या तलावात, मग होडीने समुद्रात, दुपारी वर्गात, असा दिवस. ज्यांना वाटतं की प्रशिक्षक म्हणजे माशांबरोबर बागडणं, त्यांच्यासाठी सांगतो: मी सोळा दिवसांत जितका अभ्यास केला तितका बारावीला केला असता तर आबांना माझा अभिमान तेव्हाच वाटला असता.

आता मुद्द्याचं. मला मिशी होती. साधीसुधी नाही, आमच्या घराण्याची, झुपकेदार. आबांना आहे, आजोबांना होती. स्कूबाचा मास्क डोळे आणि नाक झाकतो, त्याची रबरी कड वरच्या ओठावर टेकते आणि तिथे मिशी असली की केसाकेसातून पाणी आत शिरतं. हौशी माणसाचं भागतं, थोडं पाणी नाकाने फुंकून बाहेर काढायचं. मीही चार वर्षं फुंकत होतो. पण प्रशिक्षकाने मास्क पाण्याने पूर्ण भरून, शांतपणे, एका फुंकरीत रिकामा करून दाखवायचा असतो. मी रिकामा करायचो आणि माझा मास्क लगेच पुन्हा भरायला लागायचा.

"तुझ्याकडे बघून शिकणाऱ्याला वाटेल, मास्तर रडतोय," परेरासर म्हणाले.

सावंतकाकूंनी उपाय सांगितला. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच उपाय होता, कोकमाचं तेल. टाचेच्या भेगांना लावतात ते, गोळ्यासारखं घट्ट. "गरम करून चोप मिशीला, थेंब आत जायचा नाय." चोपलं. आणि खरंच, पहिल्या दिवशी थेंब आला नाही! मी काकूंना ओला नारळ नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी उन्हात होडीवर तासभर बसलो, तेल वितळून तोंडात आलं, मास्कच्या काचेवर पसरलं आणि पाण्याखालचं सगळं जग मला दुधाळ दिसलं. होडीचे तांडेल दत्तारामदादा सुकाणू धरून खदखदत होते. "काय रे, मिशी तळायला घेतलीस की काय?"

मग काढून का नाही टाकली, असं वाचणारे पुण्या-मुंबईचे लोक विचारतील. आमच्याकडे बाप गेल्यावर मुलगा मिशी काढतो. बाप बसलाय पेज जेवत आणि मुलगा मिशी उतरवून फिरतोय, म्हणजे त्याने बापाला जिवंतपणीच पोचवला. मी या सगळ्यावर विश्वास ठेवत नाही, हे मी कितीतरी वेळा सांगितलंय. आरशासमोर वस्तरा घेऊन उभं राहिल्यावर मात्र हात चालेना.

आठव्या दिवशी आईला फोन केला. सहज म्हणून विषय काढला, की मास्क गळतो, काही जण मिशी काढतात वगैरे. आई काही बोलायच्या आत मागून आवाज आला. तीन महिन्यांतला पहिला, आणि तोही आईला उद्देशून.

"सांग त्याला, मी अजून जिवंत आहे. मिशी काढून या दारात यायचां नाय!"

फोन ठेवला. त्या रात्री जेवलो नाही. आता हे वाचून गळा काढू नका, दुपारी सुरमई थाळी दोनदा भात घेऊन चापली होती. (बंदराजवळच्या खानावळीत जा, टेबलं हलतात, पण मासा ताजा असतो आणि सोलकढी मागाल तितकी.)

अकराव्या दिवशी जे झालं त्यावर मात्र मला विनोद सुचत नाही. दीपगृहाच्या खालच्या अंगाला आठ मीटर पाण्यात होतो. त्या दिवशी पाणी गढूळ, हाताच्या अंतरापुढचं दिसेना. डिसेंबर-जानेवारीत या म्हणजे बरं दिसतं, आम्ही मार्चअखेरीला गेलो होतो. मी मास्तर, निकिता शिकाऊ. नाटक असं, की तिच्या तोंडातला श्वासाचा नळा निसटतो आणि मी माझ्याकडचा जादा नळा तिला द्यायचा. तिने नळा सोडला. नेमका त्याच वेळी माझा मास्क काठोकाठ भरला. फुंकलं, पुन्हा भरला. मी डोळे मिटून मास्कशी झटत राहिलो. डोळे उघडले तेव्हा परेरासरांनी तिला स्वतःचा नळा दिलेला होता.

वर आल्यावर होडीत चढलो. मग सरांनी विचारलं, "तू काय करत होतास?"

"मास्कमधलं पाणी काढत होतो."

"आणि ती?"

मी मास्कची काच पुसायला लागलो.

"ती वाट बघत होती. कारण तिला येतं. नवीन माणूस वाट बघत नाही, सुहास. मिशी तुझी आहे. श्वास त्याचा असतो."

निकिता म्हणाली, "जाऊ दे रे, मी ठीक आहे." तिचे ओठ थरथरत होते. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आबांची भीती होतीच, पण ही त्याहून वाईट होती.

संध्याकाळी मिरकरवाड्याच्या रस्त्यावर एका सलूनमध्ये शिरलो. मिशी काढायची म्हटल्यावर न्हावी थबकला. खांद्यावर हात ठेवला, रेडिओ बंद केला आणि काही न विचारता साबण लावायला घेतला. अर्धी उतरल्यावर मला राहवेना. म्हटलं, "तसं काही नाही हो. परीक्षा आहे."

वस्तरा हवेत थांबला. "वडील आहेत?"

"आहेत. ठणठणीत."

"मग मला आधी बोलायचांत ना!" तो कळवळून म्हणाला. "हे पाप माझ्या हातून कशाला?" पण अर्धी मिशी घेऊन कोण कुठे जाणार? त्याने पूर्ण केली आणि प्रायश्चित्त म्हणून की काय, खाऱ्या पाण्याने चिकटलेले माझे केसही मशीन लावून बारीक करून टाकले. आरशात एक मोठ्ठा चौथीतला मुलगा बसला होता.

परीक्षा दोन दिवस चालली. मास्क भरला, रिकामा केला, कोरडा राहिला. बुडणाऱ्याला ओढून आणलं (निकिता फार मन लावून बुडते). वर्गात पाठ घेतला, लेखी पेपर दिला. शेवटी परेरासरांनी दोघांचेही हात हातात घेतले आणि म्हणाले, "या, मास्तर." एवढंच. दत्तारामदादांनी समुद्राला नारळ दिला आणि निम्मं खोबरं स्वतः खाल्लं.

निकिताने शहाणपणाचा सल्ला दिला. थेट ठाण्याला जा, महिन्याभरात मिशी येईल, घरी कळणारही नाही. बरोबर होतं. पण पास झालो हे आबांना सांगितल्याशिवाय मला पास झाल्यासारखं वाटत नव्हतं. शिव्या खायच्या तर खाऊ, म्हणून एसटी पकडली. मान उन्हाने सोलून निघाली होती, म्हणून सावंतकाकूंनी दिलेला पांढरा पंचा खांद्यावर टाकला. हायवेचं काम चालू आहे, ते मी शाळेत असल्यापासून चालू असावं. कंबरेचा पट्टा असेल तर बांधा.

सावर्ड्याला उतरलो. समोर किराणावाले शेट्ये. मला बघून गल्ल्यावरून उठले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळे भरून माझ्याकडे पाहत राहिले. मग आत जाऊन दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. मी चाट! सावर्ड्याला स्कूबाची एवढी कदर? कोपऱ्यावर वडापाव घेतला, तर वडेवाल्याने पैसे घेतले नाहीत, "पोटाला घाल काहीतरी" म्हणाला. वाडीची रिक्षा माणसं भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून पाऊण तास बसलो. तेवढ्यात चार-पाच मोटरसायकली आमच्या वाडीच्या दिशेने गेल्या. रिक्षावाल्यानेही भाडं नाकारलं. मी मनात भाषणाची तयारी सुरू केली.

घरासमोर वीस-पंचवीस चपला. पडवीत माणसं दाटीवाटीने बसलेली. मधोमध खुर्चीत आबा, मांडीवर सुपारीचं ताट, हातात अडकित्ता, आणि चेहऱ्यावर राजाचा थाट. बाजूच्या खांबाला एक हार टांगलेला. आई आतून चहाचे कप आणत होती आणि रागाने लाल झाली होती.

"ये," आबा म्हणाले. तीन महिन्यांनी थेट मला. "ही सगळी माणसां माझ्या मयताला आली आहेत. चहा घेऊन जातील म्हणाली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बारीक केस, गुळगुळीत ओठ, खांद्यावर पांढरा पंचा, आणि आमच्याकडे अशा वेळी मुलाला कोणी काही विचारत नाही. शेट्येही आले होते. ते खाली मान घालून म्हणाले, "हा आठ दिवस बाजारात दिसला नाय, नि पोरगा रत्नागिरीच्या गाडीतून असा उतरला. मला वाटलां, इस्पितळात..."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. आबांच्या पायाशी बसलो, म्हटलं, "चुकलो. पण काढावी लागली." आणि अकराव्या दिवसाची गोष्ट सांगितली, न लपवता. निकिताचे थरथरणारे ओठसुद्धा. लोक चहा विसरून ऐकत होते. आबांचा अडकित्ता थांबला होता.

"पोरीला काय झालां नाय ना?"

"नाही."

"हं." त्यांनी एक सुपारी कातरली. मग म्हणाले, "मग काढलीस ते बरां केलंस. उशिरा काढलीस ते चुकलां." आणि खांबावरचा हार काढून माझ्या गळ्यात घातला. "वाया कशाला घालवायचा?"

लोक गेल्यावर त्यांनी मास्क मागितला. उलटसुलट करून पाहिला, वास घेतला, डोळ्यांना लावला. मागच्या अंगणात घंगाळ भरून घेतलं, नळा तोंडात न घेता नुसता श्वास कोंडून तोंड पाण्यात घातलं, आणि लगेच फुरफुरत वर आले.

"गळतोय."

"मिशी, आबा."

त्यांनी ओल्या मिशीवरून एकदा बोट फिरवलं. मग आईला म्हणाले, "सदू न्हाव्याला हाक मार."

"अहो! काहीतरीच काय?"

"का? माझा बाप जाऊन पंचवीस वर्षां झाली. मला कोणाला विचारायचां?"

सदूने मिशी उतरवली. आबांनी पुन्हा तोंड घंगाळात घातलं, आणि या वेळी इतका वेळ वर येईनात की आईने पाठीत धपाटा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नारळ घ्यायला बाजारात गेलो. बारीक केसांचा मी, आणि शेजारी बत्तीस वर्षं बोटीवर काढलेले, बिनमिशीचे आबा. शेट्ये गल्ल्यावरून उठलेच. आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं, हात आपोआप शटरकडे गेला.

"आता कोण गेलां?"

"कोण नाय गेलां," आबा म्हणाले. "पोरगा मास्तर झाला. समुद्राला द्यायला नारळ दे एक, चांगला बघून. नि हे बघ, पाऊस सरला की ऑक्टोबरात खाली पहिला मी जाणार आहे. तोवर माझ्या मयताला यायचां नाय."